मोठ्या एलचा ळ

नव्या एडिटरचं खरं नाव काहीतरी चकचकीत होतं. आत्याने पहिल्याच दिवशी त्याला आपलं एक नाव ठेवलं, आगाऊ, आणि दुसऱ्या दिवसापासून नुसती नावं ठेवत राहिली. आगाऊ तो दोन्ही अर्थांनी होता. आपण दोन अक्षरं टाइप करावीत, तर पुढची आठ हा आगाऊच लिहून मोकळा. आणि कुणी न विचारता मध्ये तोंड घालायचं, हे तर त्याच्या हाडीमासी खिळलेलं.

एडिटर म्हणजे प्रोग्रामर ज्यात बसून प्रोग्राम लिहितो ती जागा. शिंप्याला कात्री तसा प्रोग्रामरला एडिटर. हाताला बसलेल्या कात्रीला शिंपी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. आत्याच्या हाताला बसलेला एडिटर एकोणीस वर्षांचा होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि तोंडाला कुलूप. लिहिलं तेवढं दाखवायचं, बास. चुकलं तरी गप्प, बरोबर आलं तरी गप्प. असा नवरा मिळाला असता तर लग्न केलं असतं, असं ती एकदा बोलून गेली होती आणि ऑफिसातल्या चौदाही जणांना ते पाठ झालं होतं.

आगाऊचं तसं नव्हतं. कंस उघडला की बंद करणारा कंस हा स्वतःच टाकायचा. आत्याचं बोट सवयीने तो टाकायचंच. मग कधी हा तिचा कंस गिळायचा, कधी ठेवायचा, आणि कधी काय करेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. आपण एखादी ओळ वाचावी म्हणून तिच्यावर माउस नेला, की त्या ओळीची माहिती देणारी पाटी नेमकी त्याच ओळीवर येऊन बसायची. एंटर मारला की खालची ओळ यावी, ही जगाची रीत. इथे मात्र आगाऊने सुचवलेल्या शब्दांची यादी उघडी असली, तर एंटरचा अर्थ ‘तुम्ही म्हणाल तसं’ असा होता. आत्या एंटर मारायची खाली जायला आणि तिच्या वाक्यात भलताच शब्द घुसून बसायचा. दिवसातून चाळीस वेळा. सकाळी उघडला की वर एक हसरी पट्टी यायची, ‘तुम्हाला माहीत आहे का?’

“मला माहीत आहे,” आत्या पडद्याला म्हणायची, “आणि तू आधी तोंड मिट.”

भीक नको पण कुत्रा आवर, असं तिने पहिल्याच आठवड्यात वर सांगून पाहिलं. वर म्हणजे काचेच्या केबिनमध्ये. तिथे तिचा भाचा बसायचा.

ऑफिस टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. खिडकी उघडली की रबराचा वास, बंद ठेवली की एसीचा. आत्या आणि तिचा दादा, दोघांनी मिळून ते काढलं तेव्हा एकच खोली होती. दादा गिऱ्हाइकं आणायचा, ही लिहायची. दादाचा मुलगा, बाळ, शाळा सुटली की दप्तर घेऊन तिथेच यायचा आणि दारातून “आत्याऽ” अशी हाक मारायचा. पहिला नोकर लागला तो ती हाक ऐकतच, मग दुसरा, मग तिसरा. आणि बघता बघता साऱ्या ऑफिसची ती आत्या झाली. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. दोन वर्षांपूर्वी दादाच्या हृदयाने दगा दिला, डॉक्टरांनी त्याला घरी बसवलं आणि बाळ खुर्चीवर आला. आयत्या बिळावर नागोबा, असं काही लोक म्हणाले. आत्या तसं कधी म्हणाली नाही. मनात आलं नाही असं मात्र नाही.

बाळ आता चौतिसाचा होता. “ऑफिसात बाळ म्हणू नकोस गं,” असं त्याने तिला तीनदा सांगितलं होतं. तिने तीनदा कबूल केलं आणि तीनदा विसरली.

“आत्या, सगळे तोच वापरतायत,” बाळ म्हणाला. “तुलाच काय होतं?”

“मला काही होत नाही. त्याला होतं. तो लिहू देत नाही.”

“नाचता येईना अंगण वाकडं.” हे तो हसत म्हणाला, पण केबिनचं दार उघडं होतं आणि बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. आत्याची कानशिलं तापली. एकोणीस वर्षं जिच्या लिहिण्यावर हे अंगण उभं, तिला नाचायला शिकवणारा हा कोण?

“आणि ती नावं,” बाळ पुढे म्हणाला. “मराठीतली. नवीन माणसाला काही कळत नाही. ती बदल.”

आता ही नावांची भानगड नीट सांगायला हवी, नाहीतर पुढचा तमाशा कळायचा नाही. प्रोग्राम इंग्रजी लिपीत लिहावा लागतो, पण आतल्या वस्तूंना काय नाव द्यायचं ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. आत्या ती मराठीत द्यायची. इंग्रजी लिपीत ळ नाही. म्हणून तिने पहिल्याच महिन्यात एक नियम करून टाकला होता, छोटा एल म्हणजे ल आणि मोठा एल म्हणजे ळ. छोट्या एलचा वेल मांडवावर चढतो, मोठ्या एलची वेळ घड्याळात असते. हा नियम ती नव्या माणसाला चहाआधी सांगायची.

तिचा प्रोग्राम हॉस्पिटलांसाठी होता. हॉस्पिटलात शेकडो मशीनं असतात, प्रत्येकाचे सुटे भाग असतात, कुठला भाग कधी बदलला आणि कधी टाकून दिला याचा हिशोब कुणीतरी ठेवावा लागतो. आत्याने तो झाडासारखा मांडला होता. मशीन म्हणजे मूळ, त्याचे भाग म्हणजे त्याची मुलं. इंग्रजी लिपीत दोन्ही एम-यू-एल. शेवटचा एल छोटा तर मूल, मोठा तर मूळ. अख्ख्या प्रोग्रामचा जीव त्या एका अक्षराच्या आकारात होता. एकोणीस वर्षांत त्यात कधी गफलत झाली नव्हती, कारण जुना एडिटर आपण लिहू ते निमूट ठेवायचा.

आगाऊकडे ‘एकसारखी नावं’ नावाची एक सोय होती. नावाच्या पोटात कुठे मोठं अक्षर दिसलं की ती त्याला छोटं करून टाकायची, आपलं आपणच, फाइल सेव्ह होताना. आणि फाइल सेव्ह व्हायला काही करावं लागायचं नाही. आपण नुसतं दुसऱ्या खिडकीकडे वळलो की झाली सेव्ह. आत्याला हे दुसऱ्या दिवशी कळलं, तिचे सगळे ळ ल झाल्यावर. तिने ते एकेक करून परत मोठे केले, चहा घ्यायला उठली, आली तर पुन्हा छोटे. त्या दिवशी तिने की-बोर्डवर मूठ आपटली आणि स्पेसबार कायमचा तिरका झाला. ती सोय बंद करायचं बटण एकात एक लपवलेल्या सात पानांच्या मागे होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते तिला सापडलं तेव्हा ती एवढ्या जोरात “मेलास!” म्हणाली की खालच्या टायरवाल्याने मान वर करून पाहिलं.

दुसरी एक खोड तिने त्याच दिवशी बंद केली. कुठल्याही ओळीवर गेलं की आगाऊ शेजारी फिकट अक्षरांत लिहायचा, ही ओळ शेवटची कुणी बदलली आणि कधी. याच्या तोंडात तीळ भिजत नाही, आत्या म्हणाली. आपण काम करायचं आणि याने बाजूला उभं राहून चहाड्या करायच्या.

बाळला मात्र हे सगळं फार आवडायचं. “माझ्या लॅपटॉपवर सगळं चालू आहे,” तो अभिमानाने सांगायचा. “मी काहीच बंद केलेलं नाही.”

मग एका सोमवारी बाळने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“शुक्रवारी मोठ्या हॉस्पिटलची माणसं येणार. तुझं नवीन व्हर्जन बघायला. पुढच्या सोमवारी ते तिथे बसवायचंय.”

“होईल.”

“ऐक. शुक्रवारी एक जरी गोष्ट फसली ना, तर मी हे सगळं नव्या टीमला देणार. पहिल्यापासून लिहायला. इंग्रजी नावांनी.”

“आणि मी?”

बाळने टेबलावरचं पेन सरळ केलं. “तू आता आराम कर. खूप केलंस.”

आराम कर म्हणजे काय हे न कळायला आत्या दूधखुळी नव्हती. घर फिरलं की घराचे वासे फिरतात, हे ती ऐकून होती. पण हा वासा तिने स्वतः उचलून, कडेवर घेऊन मोठा केला होता. ती बाहेर आली आणि तिरका स्पेसबार बडवत कामाला लागली. तिच्याकडे ना नवरा, ना मूल. एक प्रोग्राम होता, आणि तो शुक्रवारपर्यंत होता की त्यानंतरही, एवढाच आता प्रश्न होता.

चार दिवस ती आणि आगाऊ एकमेकांच्या उरावर बसले. त्याने सुचवावं, तिने एस्केप मारून ते उडवावं. त्याने लाल नागमोडी रेघ ओढावी, तिने दात खावेत. तिच्या प्रत्येक मराठी शब्दाखाली लाल रेघ होती. पडदा बघून वाटावं शाळेतल्या मठ्ठ पोराची वही तपासून आली आहे. मागून जाणारा येणारा ती लाली बघायचा आणि “अरे बापरे” म्हणायचा. या ‘अरे बापरे’ची तिला सर्वांत जास्त चीड यायची. चुकलं नसताना, चारचौघांत कुणी आपल्याखाली लाल रेघ ओढावी?

गुरुवारी तीन वाजता काम संपलं. तपासणी करणाऱ्या मुलीला सगळे ‘शंका’ म्हणायचे, कारण तिला प्रत्येक गोष्टीची यायची. शंकाने दोनशे गोष्टी दाबून पाहिल्या, उलट्या केल्या, सुलट्या केल्या. मशीन वाढव, भाग वाढव, भाग टाकून दे.

“आत्या, एकही चूक नाही,” शंका म्हणाली. तिला स्वतःलाच ते आवडलं नव्हतं.

“मग आता ती कुणी घालू नका,” आत्या म्हणाली, आणि साडेतीनला उठून घरी गेली. वाटेत तिने स्वतःसाठी फुलं घेतली. कशासाठी ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शुक्रवारी अकरा वाजता मीटिंगच्या खोलीत हॉस्पिटलचे तिघे आले. दोन साहेब आणि स्टोअर सांभाळणाऱ्या सिस्टर. साहेब बिस्किटांकडे बघत होते, सिस्टर पडद्याकडे. बाळचा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडलेला होता. बाळने सुरुवात छान केली. बोलायला तो बापावर गेला होता. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीत हाताची घडी घालून बसली होती, शंका भिंतीला टेकून उभी.

“मी करून बघू?” सिस्टर म्हणाल्या.

“बघा ना.”

यादी त्यांच्याच हॉस्पिटलची होती, नक्कल करून आणलेली. सिस्टरांनी एक व्हेंटिलेटर उघडला. त्याच्या चौदा भागांतला एक फिल्टर निवडला, ‘टाकून दिला’ दाबलं. फिल्टर गेला. फिल्टरबरोबर उरलेले तेराही भाग गेले, आणि त्यांच्याबरोबर व्हेंटिलेटर.

“अहो,” सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी एक मॉनिटर उघडला, त्याची बॅटरी टाकून दिली. मॉनिटर गेला. सिस्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“माझ्या हाताने आत्ता दोन मशीनं यादीतून उडाली. वॉर्डात त्याला माणूस जोडलेला असतो हो. हे सोमवारी झालं असतं तर?”

आत्याच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आपण चुकलो. वय झालं, नजर गेली, बाळचं बरोबर होतं. तिने शंकाकडे पाहिलं. शंका पांढरीफटक होऊन मान हलवत होती, नाही, नाही, काल नव्हतं असं.

बाळने घसा साफ केला.

“खरं सांगायचं तर हे आमच्या आत्यांचं काम,” तो साहेबांकडे बघून म्हणाला. “जुनी पद्धत. मी कधीपासून सांगतोय, पण आता वडीलधाऱ्या माणसांना किती बोलणार? तुम्ही काळजी करू नका. सोमवारपासून हे नव्या टीमकडे जाईल.”

दोन्ही साहेब समजूतदारपणे हसले. त्यांच्याही घरी आत्या असणार.

आत्या उठली. गुडघा कटकन वाजला तो सगळ्यांना ऐकू गेला.

“फाइल उघड,” ती म्हणाली.

“आत्या, नंतर. केबिनमध्ये बघू ना.”

“बोललास सगळ्यांत. बघायचंही सगळ्यांत.”

तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. आगाऊ आधीच उघडा होता, कालपासून तसाच. आणि तिची फाइलही त्यात आधीच उघडी होती. हे बघून तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. ती त्या तीन ओळींवर गेली. त्या तिला झोपेतही पाठ होत्या. मूल म्हणजे टाकायचा तो भाग. मूळ म्हणजे तो भाग ज्या मशीनचा, ते मशीन. मुळातून मूल काढ.

मोठ्या पडद्यावर चार हात लांबीच्या अक्षरांत मोठा एल कुठेच नव्हता. मूल म्हणजे तो भाग. मूल म्हणजे ते मशीन. मूल काढ. दोघांना एकच नाव पडलं, मागून आलेल्याने आधीच्याला गिळलं, आणि काढायची वेळ आली तेव्हा त्या नावाने मशीन उभं होतं.

“हे मी लिहिलेलं नाही,” आत्या म्हणाली.

“आत्या, प्लीज,” बाळ हलक्या आवाजात म्हणाला. “फाइल तुझीच आहे.”

बाळच्या लॅपटॉपवर सगळं चालू होतं. त्याने काहीच बंद केलेलं नव्हतं. आत्याने माउस त्या ओळीवर नेला आणि हात काढून घेतला. क्षणभर काही झालं नाही, मग ओळीच्या शेजारी, फिकट, सभ्य अक्षरांत आगाऊने चहाडी केली. ‘शेवटचा बदल: सर. काल, चार वाजून दहा मिनिटं.’

ऑफिसात ‘सर’ एकच होता.

तिने माउस दुसऱ्या ओळीवर नेला. सर, चार दहा. तिसऱ्या ओळीवर. सर, चार दहा. एक पुरे होती, पण तिने तिन्ही दाखवल्या. हे मुद्दाम केलं आणि करताना तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं, आगाऊ आल्यापासूनच्या सहा आठवड्यांत वाटलं नव्हतं इतकं.

“मी नुसती उघडून बघितली,” बाळ म्हणाला. “मी एक अक्षर टाइप केलं नाही.”

“तू नाही केलंस. त्याने केलं. तू फक्त वळून दुसरीकडे बघितलंस.” मग ती सिस्टरांकडे वळली. “चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण हा चोर नाही. आमच्या बाळला लहानपणापासून ळ येत नाही.”

शंका फिसकन हसली आणि तोंडावर हात ठेवला. एक साहेब खोकला. सिस्टर हसल्या नाहीत. बाळचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

आत्याने सात पानं ओलांडून ती सोय बंद केली, सगळ्यांसमोर, आणि एल मोठे केले. आगाऊने तेवढ्यातही यादी उघडून छोटाच सुचवला. तिने एस्केप मारला. चार मिनिटं लागली. सिस्टरांनी व्हेंटिलेटर परत घेतला, फिल्टर टाकला. फिल्टर गेला, व्हेंटिलेटर राहिला. बॅटरी गेली, मॉनिटर राहिला. त्यांनी अजून अकरा भाग टाकून पाहिले.

“सोमवारी आत्या स्वतः येणार असतील तर बसवू,” सिस्टर म्हणाल्या. “नाहीतर नको.”

साहेबांनी मान डोलावली आणि शेवटचं बिस्किट घेतलं.

संध्याकाळी पाच वाजता बाळने तिला केबिनमध्ये बोलावलं. दार त्याने उघडंच ठेवलं. आत्या तयारीत गेली होती. तो माफी मागेल, मग आपण थोडं ताणून धरू, मग म्हणू जाऊ दे रे. वाटेत तिने वाक्यंसुद्धा जुळवली होती.

“प्रोग्राम तुमच्याकडेच राहील,” बाळ म्हणाला. “एडिटरही जुना वापरा. मी लिहून दिलंय.” त्याने एक कागद पुढे सरकवला.

“तुमच्याकडे?” आत्या हसली. “अरे, मला काय अहो-जाहो करतोस?”

“तुम्हाला ते केबिनमध्ये सांगता आलं असतं.”

“तुला माझ्याबद्दल बोलायच्या आधी मला विचारता आलं असतं. वडीलधारी माणसं म्हणे! एकोणीस वर्षं—”

“मला मान्य आहे. ते माझं चुकलं. ते मी साहेबांना फोन करून सांगितलंय, चूक माझी होती म्हणून.” तो तिच्याकडे बघत नव्हता, पेन सरळ करत होता. “मी ळबद्दल बोलतोय.”

“अरे, गंमत केली. लहानपणी नाही का तू—”

“काळ्या तळ्यात पिवळं कमळ.”

हे वाक्य आत्यानेच तेव्हा रचलं होतं. बाळ सात वर्षांचा होता आणि त्याला स्वतःचं नावही म्हणता येत नव्हतं, ‘बाल’ म्हणायचा. ती त्याला समोर बसवून शिकवायची, जीभ मागे वळव, टाळूला लाव. सहा महिने लागले. आईबापाला सवड नव्हती, तिने शिकवलं. आयुष्यातल्या ज्या दोन-तीन गोष्टी आपल्याला नीट जमल्या असं तिला वाटायचं, त्यातली ही एक होती.

“पाहुणे आले की मला हाक मारायचीस,” बाळ म्हणाला. “मधे उभं करायचीस. म्हणून दाखव म्हणायचीस. मला येत नाही हे तुला माहीत असायचं. ते पोट धरून हसायचे, तूही हसायचीस. मी रात्री पांघरुणात म्हणत बसायचो, पुढचे पाहुणे यायच्या आत यावं म्हणून. तू शिकवलंस म्हणून नाही आलं मला.”

“बाळ, मला कधी—”

“आणि आज परत. सगल्यांसमोर.”

तो शब्द तोंडातून गेला आणि दोघांनाही ऐकू आला. आत्याची जीभ आपोआप मागे वळून टाळूला लागली, सत्तावीस वर्षांची सवय. तिने ती तिथेच दाबून धरली. बाळने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती काही बोलली नव्हती, पण त्याने जे बघायचं ते बघितलं होतं.

“एवढंच होतं, मॅडम,” तो म्हणाला.

उघड्या दाराबाहेर चौदाच्या चौदा जण खाली माना घालून कामाला लागलेले होते.

सोमवारी हॉस्पिटलात प्रोग्राम बसला. सिस्टरांनी तिला स्टोअर दाखवलं, कॉफी दिली. एकही मशीन यादीतून हललं नाही. मंगळवारी सकाळी आत्या ऑफिसात आली, काळा पडदा उघडला. हसरी पट्टी नाही, लाल रेघ नाही, कुणी काही सुचवलं नाही. तिने एक कंस उघडला, एकच उघडला. मग एम, यू आणि मोठा एल टाइप केला आणि तो मोठाच राहिला. हेच तर हवं होतं. ती बराच वेळ नुसती त्याच्याकडे बघत बसली.

मागे पावलं वाजली. शंका होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “सरांनी विचारलंय, हॉस्पिटलचा रिपोर्ट झाला का.”

आत्याने वळून शंकाच्या मागे पाहिलं, कुणा मॅडमला विचारतेय ते बघायला.